बंद घराची पॉलिसी : दापोली तालुक्यातील एका चिऱ्याच्या घराचे प्रकरण

विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर नोकरीची बरीच वर्षे काढून मी निवृत्तीनंतर गावी राहायला आलो, तेव्हापासून आसपासच्या वाड्यांतली माणसे पॉलिसीचे कागद घेऊन माझ्या ओटीवर येतात. त्यांतले एक प्रकरण मी येथे सविस्तर मांडत आहे, कारण कोकणातल्या घराच्या विम्यात जे जे अडते, ते बहुतेक सारे या एका घरात अडले होते. घरच्यांच्या संमतीने लिहीत आहे. मात्र माणसांची, गावाची, बँकेची आणि कंपनीची नावे घेत नाही.

घर दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावात आहे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, किंजळाच्या वाशांवर मंगलोरी कौले, पुढे ओटी, मध्ये माजघर आणि देवघर, मागे पडवी, आणि पडवीपासून दहा-बारा पावलांवर माडा-पोफळीचे आगर. चटईक्षेत्र सुमारे १,२०० चौरस फूट. वडील २०१६ साली वारले. त्यानंतर घरात आई एकट्याच राहत. थोरले चिरंजीव डोंबिवलीला, धाकटे पुण्याला, दोघी बहिणी सासरी, त्यांतली एक चिपळूणला. चाकरमान्यांचे घर जसे असते तसेच हे घर होते: गणपतीत आणि शिमग्यात भरलेले, मे महिन्यात गजबजलेले आणि उरलेले वर्ष आईच्या एका दिव्यावर चाललेले.

२०१८ साली छप्पर उतरवून नवे वासे घालणे आणि मागे न्हाणीघर बांधणे या कामासाठी थोरल्यांनी बँकेकडून ८ लाख रुपयांचे कर्ज घेतले. कर्जासोबत बँकेने घराची पॉलिसी काढली. हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता होई. पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीत राहिला. घरात त्याची प्रतही नव्हती. थोरल्यांची समजूत अशी होती की हा कर्जाचा विमा आहे, म्हणजे आपले काही बरेवाईट झाले तर कर्ज फिटेल. ही गल्लत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कोणी ‘आमचा विमा आहे’ म्हणाले की मी आधी ‘कोणाचा, माणसाचा की घराचा’ असे विचारतो. कर्जदाराचा मृत्यू झाल्यावर कर्ज फेडणारा विमा हा आयुर्विमा असतो. घर पडले, जळले, बुडाले तर तो दमडीही देत नाही. यांच्याकडे होता तो घराचाच विमा होता, पण तो ज्या रकमेचा होता ती रक्कम घर पाहून ठरलेली नव्हती, कर्ज पाहून ठरलेली होती. पुढच्या साऱ्या हिशेबाचे मूळ येथे आहे.

मार्च २०२० मध्ये शिमग्याला सारे गावी जमले. पालखी घरी आली, गाऱ्हाणे झाले, आणि १५ मार्चला आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी थोरले त्यांना डोंबिवलीला घेऊन गेले. पंधरा दिवसांत परतायचे असे ठरले होते. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि ते परतणे राहून गेले. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड आणि दापोली या पट्ट्यात त्याने काय केले ते येथल्या माणसाला सांगायला नको. या घराच्या मागच्या आगरातला एक जुना माड मुळासकट उपटून पडवीवर तिरका कोसळला, त्याच्या भाराने आढे मोडले, आणि उघड्या पडलेल्या बाजूने वारा आत शिरून त्याने पुढच्या पाख्याची कौले आतून उचलून खळ्यात भिरकावली. पुढचे दोन दिवस पाऊस माजघरात पडत होता.

वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. शेजारच्या मुलाने काढलेले फोटो डोंबिवलीला पोहोचले ते ९ जूनला, तो कौले शोधायला खेडला गेला असताना. थोरले ई-पास काढून १४ जूनला गावी आले आणि १५ तारखेला त्यांनी बँकेला आणि कंपनीला लेखी कळवले. तोवर शेजाऱ्यांनी पडलेला माड करवतीने कापून बाजूला केला होता. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होते. दाव्याच्या दृष्टीने मात्र तो माड हाच मुख्य साक्षीदार होता. सुदैवाने शेजारच्या मुलाच्या तिसऱ्या फोटोत माडाचे खोड पडवीत घुसलेले, मोडलेल्या आढ्याची दोन टोके दोन बाजूंना लोंबकळणारी आणि मागे घराचा पत्ता रंगवलेली विजेच्या मीटरची पेटी, असे सारे एका चौकटीत आले होते. त्या एका फोटोने पुढे जे काम केले ते पानभर अर्जाने झाले नसते.

तलाठी आणि ग्रामसेवक यांनी पंचनामा केला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘सरकार देतेच की’ हा विमा न घेण्याच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात मोठा युक्तिवाद आहे. त्या वेळी आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातले पूर्ण पडलेले पक्के घर ९५,१०० रुपयांना बसत होते आणि अंशतः पडझड झालेले पक्के घर ५,२०० रुपयांना. निसर्गनंतर राज्य शासनाने पूर्ण पडलेल्या घराची मदत १ लाख ५० हजारांपर्यंत वाढवली. २०२२ नंतरच्या निकषांत हे आकडे १,२०,००० आणि ६,५०० असे झाले. हे आकडे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ती मदत आहे, भरपाई नव्हे, आणि तिचा हेतू माणसाला लगेच उभे करण्याचा असतो, घराला नव्हे. या घराच्या चारही भिंती उभ्या होत्या म्हणून ते ‘अंशतः’ ठरले, आणि मिळालेली मदत कौलांनाही पुरली नाही. वादळानंतर पत्रे आणि कौले यांचे भाव कुठे गेले होते हे आठवणाऱ्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

जुलैमध्ये कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेले सर्व्हेअर आले. सभ्य आणि कामाला चोख असा तरुण माणूस होता. त्याने फीत लावून घर मोजले, वाशांत टोचा घालून पाहिला आणि ओटीवर बसल्यावर पहिला प्रश्न विचारला तो नुकसानीचा नव्हता. ‘वादळ आलं तेव्हा घरात कोण होतं?’

कोणीच नव्हते, असे थोरल्यांनी सांगितले. कुलूप १५ मार्चपासून, असेही सांगितले. १५ मार्च ते ३ जून म्हणजे ८० दिवस. त्या काळात प्रचलित असलेल्या प्रमाणित अग्नी आणि विशेष संकटे विमापत्रात अशी अट होती की विमा उतरवलेली इमारत निर्मनुष्य झाली आणि सलग ३० दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली, तर कंपनीची आगाऊ संमती घेतलेली नसल्यास विमासंरक्षण थांबते. अट जुनी आहे आणि तिच्यामागे कारणही आहे: बंद घरात फुटलेले कौल कोणाला दिसत नाही, विजेच्या तारेतून उडालेली ठिणगी कोणी विझवत नाही, आणि शंभर रुपयांचे नुकसान लाखाचे होते. परंतु कोकणात ही अट शब्दशः लावायची तर किनाऱ्यावरची निम्मी पॉलिसीधारक घरे श्रावणापूर्वीच उघड्यावर पडतील. पॉलिसी विकताना हे कोणी सांगत नाही. यांना तर पॉलिसी विकलीच गेली नव्हती. ती कर्जाच्या शेपटाला बांधून आली होती.

कंपनीचे पहिले पत्र याच मुद्द्यावर आले: घर ३० दिवसांहून अधिक काळ बंद असल्याने दावा विचारात का घेऊ नये, याचा खुलासा करावा. थोरले ते पत्र घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी जवळजवळ नाद सोडला होता. मी त्यांना सहज विचारले की मे महिन्यात मुंबईची माणसे गावात आली, तेव्हा त्यांना कोठे ठेवले होते? त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘भाऊ, आमच्याच घरात.’

झाले होते ते असे. मेच्या मध्यावर त्यांचा चुलतभाऊ बायकामुलांसह मुंबईहून गावी आला. चौदा दिवस वेगळे राहायचे होते. विलगीकरणासाठी ठेवलेली गावची शाळा माणसांनी भरली होती. म्हणून फोनवर विचारून किल्ली शेजाऱ्यांकडून घेतली आणि कुटुंब १२ ते २६ मे या घरात राहिले. घरच्यांच्या लेखी हे इतके किरकोळ होते की सर्व्हेअरच्या प्रश्नावर कोणाला ते आठवलेही नाही. वीज बिलाने हा मुक्काम सिद्ध झाला नसता, कारण टाळेबंदीत मीटरची नोंद घेणे थांबले होते आणि बिले सरासरीने आली होती. पण ग्राम कृती दलाने विलगीकरणातल्या माणसांची वही ठेवली होती. त्या वहीत घर क्रमांक, चार माणसांची नावे, आल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि रोज तपमान घेतल्याचे आकडे होते. सरपंचांच्या सहीशिक्क्याने त्या पानाची प्रत जोडली. वादळाच्या दिवशी घर बंद होऊन आठच दिवस झाले होते, ८० नव्हे, असा खुलासा गेला आणि कंपनीने तो मान्य केला.

येथे माझे मत नोंदवून ठेवतो. कंपनीने हट्ट धरला असता तर तिला बोलायला जागा होती. १५ मार्चनंतर ३० दिवस उलटताच संरक्षण थांबले, आणि मे महिन्यातल्या मुक्कामाने ते आपोआप पुन्हा सुरू होत नाही, असे म्हणता आले असते. तसे ते म्हणाले नाहीत, यात फाइल हाताळणाऱ्या माणसाच्या समजूतदारपणाचा वाटा मोठा आहे. त्यावर भरवसा ठेवून कोणी घराला कुलूप लावू नये. महिन्याहून अधिक काळ घर बंद राहणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवून लेखी उत्तर घ्यावे. ई-मेल चालतो, एजंटला फोनवर सांगितलेले चालत नाही.

दुसरा अडथळा नावाचा होता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर अजून वडिलांच्या नावावर होते आणि पॉलिसी थोरल्यांच्या. विम्याचा मूळ नियम असा की ज्याचे नुकसान होते त्यालाच भरपाई मागता येते; घराशी तुमचा हितसंबंध दिसला पाहिजे. थोरल्यांचा तो होता, कारण ते वारस होते आणि दुरुस्तीचे कर्ज त्यांच्याच नावावर होते, पण तो हितसंबंध एकट्यांचा नव्हता. आई, धाकटे आणि दोन्ही बहिणी यांचाही तो होता. वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि चौघांची ना-हरकत एवढ्यावर काम भागले, आणि ते भागले याचे कारण भावंडांत वाद नव्हता. आमच्याकडे आजोबांच्या नावावरची, अकरा भाऊबंदांच्या सामाईक मालकीची घरे आहेत, जिथे ओटी एकाची, माजघर दुसऱ्याचे, आणि मागील दारावरून तीन पिढ्यांचे भांडण. अशा घराचा विमा एकाने उतरवला आणि दावा उभा राहिला, तर बाकीच्या दहा जणांच्या सह्या मिळवताना वादळ परवडले असे वाटेल. ज्यांचा वारसतपास झालेला नाही त्यांनी पॉलिसीच्या आधी तलाठी कार्यालय आणि ग्रामपंचायत गाठावी, असेच मी सांगतो.

मग हिशेब आला, आणि खरी निराशा तेथे झाली. घरच्यांनी छप्पर, आढे, पडवी आणि आतला गिलावा मिळून ४,१०,००० रुपयांचा दावा केला होता. सर्व्हेअरने मागच्या बाजूच्या काही वाशांचे ३८,००० वगळले, कारण ते वादळाने मोडण्याआधीच वाळवीने पोखरले होते, आणि त्याच्या टोच्याने त्यातून भुसा निघाल्याचे थोरल्यांनीच पाहिले होते. दुरुस्ती करताना पडवी दोन हात वाढवली होती. त्या वाढीव बांधकामाचे २२,००० गेले. उरलेल्या ३,५०,००० मधून मोडलेल्या लाकडाचे आणि धड कौलांचे १०,००० वजा झाले. राहिले ३,४०,०००. येथपर्यंत मला एकाही आकड्यावर बोट ठेवता आले नाही.

पण विमा रक्कम होती ८ लाख, आणि सर्व्हेअरच्या अंदाजाने घर नव्याने बांधायला २० लाख लागले असते. जुन्या विमापत्रात सरासरीचे कलम असे. त्याचा अर्थ असा की घराच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरवला असेल, तर त्या फरकापुरते तुम्हीच तुमचे विमाकर्ते. नुकसान कितीही लहान असो, भरपाई त्याच प्रमाणात. ८ लाखांचे २० लाखांशी प्रमाण चाळीस टक्के. म्हणून ३,४०,००० चे १,३६,०००. थोरले पुनःपुन्हा म्हणत होते की माझे नुकसान तर ८ लाखांच्या आतच आहे, मग पूर्ण का नाही? हा प्रश्न माझ्या नोकरीत मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला असेल, आणि त्याचे उत्तर दाव्याच्या वेळी देऊन काही उपयोग नसतो.

त्यातही तो धनादेश हाती पडला नाही. पॉलिसीवर बँकेचे कलम असल्याने रक्कम कर्जखात्यात जमा झाली आणि दुरुस्तीसाठी ती सोडवून घ्यायला आणखी एक अर्ज आणि दोन फेऱ्या लागल्या. घरातला फ्रिज, टीव्ही, गाद्या, लाकडी कपाट आणि माळ्यावरचे भात असे सुमारे ९०,००० रुपयांचे सामान भिजून गेले. त्याचे शून्य आले, कारण पॉलिसी फक्त इमारतीची होती. बँकेला घरातल्या फ्रिजशी देणेघेणे नव्हते, म्हणून तिने त्याचा विमा काढला नाही. आगरातल्या पडलेल्या माडा-पोफळींचा प्रश्नच नव्हता. घराच्या विम्यात झाडे येत नाहीत, झाड घरावर पडले तर घर येते.

धाकट्यांना विमा लोकपालाकडे जायचे होते. तो मार्ग चांगला आहे, विनामूल्य आहे, आता ५० लाखांपर्यंतचे वाद तेथे चालतात, आणि कंपनीकडे आधी लेखी तक्रार करून तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही की वर्षाच्या आत तेथे जाता येते. तरीही मी त्यांना जाऊ नका असे सांगितले. सरासरीचे कलम पॉलिसीत लिहिलेले होते आणि त्याचे गणित बरोबर होते. अन्याय झाला तो रक्कम ठरवताना, २०१८ साली, आणि त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या कोणीही घराकडे पाहिले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण २०२१ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन भावंडे पुन्हा माझ्याकडे बसली होती: इतके होऊन घराचा विमा घ्यावा की नाही? नुकतेच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले होते, आणि आईंचे म्हणणे असे होते की जेवढे हप्ते भरले तेवढ्याची कौले आली असती. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. वर्षाला एक-दोन फुटणारी कौले, शाकारणी, भिंतीतून झिरपणारे पाणी, वाळवी हा घराचा संसारखर्च आहे. तो विम्यात बसत नाही आणि बसवूही नये. विमा हवा तो अशा नुकसानीसाठी, जे आपल्या शिल्लकीतून भरून काढता येत नाही. मी त्यांना एकच विचारले: उद्या हे घर जमीनदोस्त झाले, तर तुम्ही ते पुन्हा बांधणार आहात का, आणि बांधणार असाल तर आजच्या दराने लागणारे २४ लाख कोठून आणणार? पहिल्याचे उत्तर चौघांनी एकदम ‘हो’ असे दिले. दुसऱ्याचे उत्तर कोणी दिले नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असते, तर मी त्यांना विमा घेऊ नका असे सांगितले असते. गावात अशी घरे आहेत, ज्यांचे मालक परत येणार नाहीत, ज्यांच्या छपरातून पिंपळ वर आला आहे. त्यांचा विमा म्हणजे हप्त्यांची उधळण, आणि दावा आला तरी तो देखभालीच्या मुद्द्यावर अडणारच. भाड्याने राहणाऱ्याला इमारतीचा विमा लागत नाही, फक्त सामानाचा लागतो. रत्नागिरीसारख्या शहरात सोसायटीने साऱ्या इमारतीचा विमा काढलेला असेल, तर सदनिकाधारकाने तो कागद आधी मागून पाहावा आणि आपल्यापुरते सामानाचे पाहावे.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिचे कलम आणि कलमाचे शब्द सर्व कंपन्यांत सारखे आहेत, हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा असतो. या प्रकरणातल्या बहुतेक दुखण्यांवर तिच्यात औषध आहे. विमा रक्कम काढायची रीत ठरलेली आहे: चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर. जमिनीची किंमत त्यात नाही, बाजारभाव नाही, कर्ज नाही. मुख्य म्हणजे सरासरीचे कलम तिच्यात लागू होत नाही. निसर्गच्या वेळी ही पॉलिसी असती तर ३,४०,००० चे ३,४०,०००च मिळाले असते. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढे घरातले सामान आपोआप धरले जाते. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि दरवर्षी रक्कम १० टक्क्यांनी वाढत जाते. वादळ, पूर, वीज, भूकंप, दरड कोसळणे, आग आणि झाड किंवा वाहन आदळणे हे सारे मूळ पॉलिसीतच आहे. दर पावसाळ्यात दरडीकडे डोळे लावून बसणाऱ्या आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आपल्या भागात यांतले काही वेगळे विकत घ्यावे लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

भावंडांनी चौरस फुटाला २,००० रुपये धरून १,२०० चौरस फुटांचे २४ लाख लावले. गडगा म्हणजे दगडी कुंपण, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर यांचे दीड लाख वेगळे नोंदवले. ही अंगे सांगितली तरच धरली जातात, आणि आमच्याकडे वादळात सर्वांत आधी गडगाच पडतो. आगराच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेला मांगर, म्हणजे आगरातली खोपटी, मात्र मी त्यांना कच्चे बांधकाम म्हणून स्पष्टपणे वेगळा दाखवायला लावला. चिरा आणि कौल पक्क्यात बसते. गवत, झावळी, बांबू, ताडपत्री कच्च्यात. हे लपवले की एका मांगरापायी साऱ्या घराचा दावा संशयात सापडतो. पॉलिसी या वेळी आई आणि चारही भावंडांच्या संयुक्त नावाने निघाली, कारण दरम्यान वारसनोंद करून घेतली होती.

त्याच वर्षी, २२ जुलैला, वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. चिपळूणच्या बहिणीचे घर बाजारपेठेच्या अंगाला आहे. इमारतीला तडासुद्धा गेला नाही; पण तळमजल्यावरचे एकूण एक सामान चिखलाखाली गेले. पॉलिसी नव्हती. माहेरच्या घराचा विमा करताना त्या सहीला येथे आल्या होत्या आणि आपल्या घराचा विचार करायचे राहून गेले, हे त्यांनी स्वतःच मला सांगितले. किनाऱ्यावर छपराचा घोर आणि नदीकाठी सामानाचा. त्यांच्यासाठी आपोआप मिळणारे २० टक्के पुरणार नाहीत, सामान वेगळे जाहीर करून रक्कम वाढवावी लागेल.

चोरीबाबत मात्र भावंडांचा गैरसमज होता आणि तो मला मोडावा लागला. या प्रमाणित पॉलिसीत चोरी धरली आहे ती वादळ, आग अशी घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत, त्या घटनेच्या आडून झालेली. एरवी बंद घराचे कुलूप तोडून कोणी पितळेच्या समया आणि तांब्याचे हंडे नेले, तर त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि तेथे बंद घराची अट आणखी कडक असते. त्यांनी ते घेतले नाही. समया डोंबिवलीला नेल्या. मला तो निर्णय पटला.

सध्या प्रकरण जेथे आहे ते सांगतो. धाकट्यांना पुढची ओटी आणि दोन खोल्या पर्यटकांसाठी द्यायच्या आहेत. दापोलीकडे आता प्रत्येक तिसऱ्या पाटीवर घरगुती जेवण आणि राहण्याची सोय लिहिलेली दिसते, त्यामुळे विचार चुकीचा नाही. परंतु ही पॉलिसी राहत्या घराची आहे. पैसे घेऊन पाहुणे ठेवले की घराचा वापर बदलतो, आणि ते कंपनीला न कळवता स्वयंपाकघरातल्या गॅसने पेट घेतला, तर कागदावर राहते घर आणि जागेवर व्यवसाय अशी गाठ पडेल. मी त्यांना पाहुणा घेण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या असे सांगितले आहे. त्याच पत्रात आणखी एक प्रश्न घातला आहे: आई आता डोंबिवलीलाच असतात, घर जून ते गणपती बंद राहते, चुलतभाऊ आठवड्यातून दोनदा येऊन दिवा लावतो आणि न्हाणीघराचा नळ पाहतो, एवढे तुम्हाला पुरे आहे का? मेच्या अखेरीस शाकारणी झाल्यावर चारही बाजूंचे फोटो, त्यांत विजेच्या मीटरची पेटी दिसेल असे, धाकट्यांनी काढून पत्राला जोडले. पोचपावती आली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत, आणि ते येईपर्यंत ओटीवरच्या पाटीचा रंग वाळू दिलेला असला तरी पाटी अजून आतच ठेवलेली आहे.